उरलेले वीस

दर मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत,
लहान मुलांच्या गोष्टींचा तास संपला की
मी टेबल मांडते. खुर्च्या बुटक्याच राहतात.
पासष्टीची माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसतात
आणि मी त्यांना अक्षरं शिकवते:
ए, बी, डी, जी, एन.
भाग बी वेगळा, प्लॅन बी वेगळा.
हसू नका. हे मी ठरवलेलं नाही.

आज व्हर्लिन ह्रुस्का आला. बरोबर कुत्री,
तिला इथे कुणी हटकत नाही.
तीस वर्षं त्याचा मक्याचा ट्रक माझ्या काट्यावर चढायचा,
आधी भरलेला, मग रिकामा.
मधला फरक तेवढाच मका, तेवढेच पैसे.
म्हणून त्याला तसंच सांगते:
व्हर्लिन, डॉक्टरचं बिल म्हणजे भरलेला ट्रक.
मेडिकेअर शंभरातले ऐंशी उतरवून घेतं.
वीस ट्रकमध्येच राहतात.

"वीस काही फार नाहीत."

कशाचे वीस, ते विचार ना.
घसा दाखवलास तर ते खिशात मावतील.
दर तिसऱ्या गुरुवारी लिंकनला जाऊन
शिरेत एक पिशवी सोडून घ्यायची असेल
तर त्या विसांना वर झाकण नाही.

पूरक विमा त्या उरलेल्यासाठी.
दातांना नाही, चष्म्याला नाही,
तुझ्या त्या शिट्टी मारणाऱ्या कानातल्या यंत्राला तर नाहीच.
आणि हप्ता दर महिन्याला, आजारी पड नाहीतर पडू नकोस.
"म्हणजे धडधाकट राहिलो तर पैसे पाण्यात?"
हो. पाण्यातच जावेत अशी प्रार्थना कर.

कुत्री टेबलाखाली उसासा टाकते.
तो उठायला लागतो. गुडघा कटकन वाजतो.
"मका निघाला की बघू. नोव्हेंबरात."

लुमिरही असंच म्हणाला होता.
त्याचा मका नव्हता, वेल्डिंगचं दुकान होतं:
तेवढं एक फाटक होऊ दे.
पुस्तिका घरी आली होती, चांगली जाडजूड.
डुगडुगणाऱ्या फ्रीजच्या पायाखाली अगदी मापात बसली.

सहा महिने. पासष्टी गाठून भाग बी सुरू झाला
की तिथून सहाच.
तेवढ्यात अर्ज केला तर कंपनी नाही म्हणू शकत नाही,
छातीत काय आहे म्हणून हप्ता वाढवू शकत नाही.
मग मात्र विचारते.
लुमिरच्या फुप्फुसावर डाग दिसला तो अकराव्या महिन्यात.
फोनवरची मुलगी फार गोड होती. प्रश्न वाचत गेली.
गेल्या दोन वर्षांत आपल्याला... हो.
सध्या आपल्यावर... हो.
लुमिर सगळं खरं बोलला.
आयुष्यात एकदा तरी खोटं बोलायचं, असं मला वाटलं होतं.
काही मंगळवारी अजून वाटतं.

यातलं मी व्हर्लिनला काही सांगत नाही.
शवपेटीचं डावीकडचं मधलं कडं त्याच्याच हातात होतं.
फक्त फ्रीजचं त्याला माहीत नाही.

"बस," मी म्हणते. "तुझा वाढदिवस एप्रिलचा."
एप्रिल, मे, जून, एका हाताची बोटं संपतात,
दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर सप्टेंबर येतो.
आज सोळा.

तो टोपी काढतो.
आतल्या पट्टीवर, घामाने काळ्या पडलेल्या,
जुन्या खेपांची वजनं आहेत, माझ्याच काट्याची,
निम्मी पुसलेली.
माझं पेन घेऊन त्यांच्या शेजारी लिहितो: ३०.
टोपी डोक्यावर जाते.
थोडा वेळ तो भिंतीवरचं कागदी अस्वल बघत बसतो.

"जी की एन?" विचारतो.

मी खुर्ची पुढे ओढते.
थांब, म्हणते. दोन्ही काट्यावर चढवून बघू.